नोझल बदलण्याआधी बफर बघा

पेशी निवडून वेगळ्या करणाऱ्या सॉर्टर मशीनचं नोझल (पेशी जिथून धारेत बाहेर पडतात ते बारीक तोंड) सारखं तुंबतं म्हणून ७० ऐवजी १०० मायक्रॉनचं घ्या, हा सल्ला मोठ्या पेशींसाठी पटतो. नोझल पेशीच्या व्यासाच्या निदान पाचपट हवंच. पण तुंबण्याचं मूळ बहुतेक वेळा पेशींच्या ट्यूबमध्येच असतं. आम्ही कोल्हापुरातून उंदराच्या गाठीतल्या पेशी बर्फात ठेवून पुण्याला सॉर्टिंगला नेतो. पहिल्या खेपेला पोचल्यावर पिपेटच्या टोकाला शेंबडासारखी तार लोंबत होती! वाटेत मेलेल्या पेशींचा डीएनए बाहेर पडून बाकीच्यांना चिकटवत होता.

डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) घातलं होतं, तरी काही उपयोग झाला नाही, कारण त्याच बफरमध्ये, म्हणजे पेशी ठेवायच्या द्रावणात, २ मिलिमोलर ईडीटीए (पेशी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून घालतात ते रसायन) होतं. डीएनेजला मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए नेमकं तेच पकडून ठेवतं. आता आधी ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये डीएनेज, १५ मिनिटं. मग धुऊन ईडीटीएचा बफर, आणि मशीनला लावण्याच्या अगदी आधी ४० मायक्रॉनची गाळणी. इथून गाळून नेलेलं धरू नका, प्रवासात गुठळ्या परत होतात. डॅपीसुद्धा (मेलेल्या पेशी ओळखायचा रंग) तिथेच, शेवटी घाला.