थंडीसाठी जुना तांब्याचा बंब घ्यायचाय, घेताना नेमकं काय बघायचं?

द्राक्षवेल:
नमस्कार मंडळी. आम्ही निफाड तालुक्यातले, त्यामुळे थंडीबद्दल वेगळं काही सांगायला नको, पारा उतरला की पेपरवाल्यांना आमची आठवण येतेच. घरात सासूसासरे, दीर, आम्ही दोघं आणि पोरं. या दिवसांत कामं एकावर एक येतात, गोधड्या उन्हात घाला, डिंक तळा, मुलांच्या ओठांना तूप लावा, आणि त्यात बाग. पारा ५-६ वर आला की मणी तडकायची धास्ती, म्हणून आमचे हे आणि दीर रात्री ठिबकने पाणी सोडतात, पहाटे बांधावर शेकोट्या करतात आणि धुराने माखून घरी येतात तेव्हा नेमके लाईट गेलेले असतात. सोलर आहे पण पहाटेपर्यंत त्यातलं पाणी कोमट होतं, आणि तेही पहिल्या दोघांनाच पुरतं.

सासूबाईंचं एकच म्हणणं, बंब आणा. त्यांच्या माहेरून आलेला बंब वाटणीत चुलत सासऱ्यांकडे गेला आणि त्यांनी तो मोडीत घातला, तो विषय निघाला की अजून घरात वातावरण तापतं, असो.

नाशिकला नवीन बघितले तर पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दाबला तरी आत जातो. मग जुने शोधायला लागलो, आता बाजाराच्या दिवशी भाजी कमी आणि मोडवाल्यांकडे चकरा जास्त. दोन नजरेत आहेत. एक तालुक्याच्या मोडवाल्याकडे, काळाकुट्ट, तोटी नाही, जाळी नाही. दुसरा हायवेवरच्या अँटिकच्या दुकानात, एकदम चकचकीत, किंमत तिप्पट आणि दुकानदार म्हणतो ताई कोपऱ्यात ठेवा, मनी प्लांट लावा, फार शोभून दिसतो. मला रोज पेटवायचाय हो! कोणता घ्यावा आणि काय तपासावं?

मठारकाम:
ताई, काळा बघा आधी. आमच्या घरात पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यानपिढ्या हेच काम चाललं, मी स्वतः नोकरी करतो पण लहानपण ठोक्याच्या आवाजात गेलंय. बंबाचं बाहेरचं रूप बघून काही कळत नाही, त्याचा जीव मधल्या नळीत. विस्तव त्या नळीत असतो आणि पाणी तिच्या भोवती, म्हणजे जाळ, राख, ओल सगळं तिलाच सोसावं लागतं, पहिली तीच जाते. वरचं धुराडं काढा, मोबाईलचा टॉर्च खालच्या तोंडातून वर मारा आणि टाकीत वरून डोकावून बघा, टाचणीएवढं भोक असलं तरी उजेड दिसतो. मग लोहचुंबक लावा, तांब्यापितळेला चिकटत नाही. कधीकधी बाहेरून तांबं आणि आतली नळी लोखंडाची घातलेली असते, ती गंजते, असला बंब असेल तर सोडून द्या.

मोडवाल्याला सांगा, पाणी भरून रात्रभर ठेवू दे, खाली वर्तमानपत्र घाला. सकाळी कागद कुठे ओला झालाय ते बघा. तोटीजवळ ओला असेल तर काळजी नको, तोटी बदलता येते, सांध्यातून झिरपत असेल तर डाक (धातू वितळवून दिलेला जोड) देता येतो. नळीच्या मधोमध पत्राच झिजून गळत असेल तर नळी नवीन घालावी लागते आणि त्याला चांगला कारागीर लागतो, तो खर्च आधीच धरा. जाळी कोणताही वेल्डिंगवाला करून देईल.

हाताने ठोकलेला असेल तर अंगावर बारीक ठोक्यांचे पैलू दिसतील आणि उभ्या सांध्याला दाते दिसतील, करवतीसारखे एकमेकांत बसवलेले. ते दिसले तर घासाघीस कमी करा आणि उचला. त्या चकचकीतवर बहुतेक लॅकर (चमक टिकवायचा पारदर्शक लेप) मारलेलं असणार, पेटवलात की जळून घरभर वास सुटेल, म्हणजे वर ते काढायचाही खर्च.

सौरऊर्जा:
मला कळत नाही ही हौस. २०० लिटरचा सोलर घ्या, टाकीचं इन्सुलेशन धड आहे का बघा, पाईपवर फोम घाला, पहाटेही गरम पाणी मिळतं. धूर कोण खाणार? घरात म्हातारी माणसं, लहान मुलं आहेत म्हणताय. आणि मुख्य म्हणजे बंद बाथरूममध्ये बंब पेटवू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस नुसता झोपल्यासारखा होतो आणि जातो.

द्राक्षवेल:
सौरऊर्जा दादा, पाईपचं तुमचं बरोबर आहे, फोम बघते घालून. बंब मागच्या पडवीत ठेवणार आहे, तिन्ही बाजूंनी उघडं आहे. जळणाचा तर प्रश्नच नाही, छाटणीच्या काड्या ढिगाने पडल्यात, मक्याची रिकामी कणसं आहेत, ते सगळं असंही बांधावर जळतंच.

शेकोटी:
आमच्याकडे (जुन्नर साईड) अजून रोज पेटतो. पेटवायच्या आधी टाकी भरलेली हवी, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा, पाहुण्यांना सुद्धा. एका मे महिन्यात पाहुण्यांपैकी एकाने रिकामाच पेटवला आणि सांधे उकलले. एक तांब्या गरम काढला की एक तांब्या गार वरून ओतायचा, म्हणजे पातळी उतरत नाही. वरचं झाकण घट्ट बसवू नका, वाफेला वाट पाहिजे. राख रोजच्या रोज काढा, ती भांडी घासायला नाहीतर झाडांना. अंघोळीच्या पाण्याला आतून कल्हई वगैरे लागत नाही, कोणी मोडवाला त्याचे पैसे लावत असेल तर देऊ नका. कल्हई स्वयंपाकाच्या भांड्यांना.

बाकी बंबाच्या पाण्याची अंघोळ ती अंघोळ, गिझरचं पाणी अंगावर टिकतच नाही. (याला शास्त्र विचारू नका.)

बर्फातली_सांगलीकर:
वाचून इतकं छान वाटलं! आम्ही ओहायोमध्ये एका छोट्या गावात राहतो. इकडे थंडीची कामं म्हणजे ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने ओढा, मीठ टाका, फर्नेसचा फिल्टर बदला, मुलांचे ओले ग्लोव्हज वाळत घाला, आणि हे सगळं उरकून दुपारी अंधार पडायच्या आत घराबाहेर पडायचं कारण म्हणून आम्ही जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घालतो. इकडच्या गावांमध्ये मेन स्ट्रीटवर बंद पडलेल्या मोठ्या दुकानांत अँटिक मॉल असतात, एकाच छपराखाली कित्येक लोकांचे गाळे, नवऱ्याला कंटाळा येतो पण तिथे हीटर असतो म्हणून येतो. तांब्याच्या मोठमोठ्या कढया दिसतात, यात पूर्वी सफरचंद तासन्‌तास आटवून अॅपल बटर करायचे, अंगणात चूल मांडून. सांध्याला अगदी वर मठारकाम यांनी लिहिलेत तसेच दाते! मी त्यातली एक घेतली आणि त्यात लाकडं ठेवते, म्हणजे मी पण मनी प्लांटवालीच म्हणायची.

थोडं अवांतर: सांगलीच्या घरात आजीच्या सासूबाईंची समई, पानाचा डबा आणि एक हाताने लिहिलेली पोथी आहे. पुढच्या वेळी येताना इकडे आणावं म्हणते. बॅगेत घालून आणलं तर चालतं का?

कायद्याचं_बोला:
सांगलीकर ताई, जरा थांबा. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. १०० वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू असेल तर ती पुरावशेषात येऊ शकते, आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन वगैरे मूल्य असलेल्या हस्तलिखिताला ७५ वर्षंच पुरतात. अशा गोष्टी खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत, घरच्या असल्या तरी. समई तेवढी जुनी नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावशेष नाही' असा दाखला मिळतो, तो घेऊन निघा, विमानतळावर वाद घालत बसू नका. पोथी मात्र इथेच राहू द्या, स्कॅन करून न्या.

द्राक्षवेल:
सगळ्यांचे आभार. काल बाजार होता, मोडवाल्याकडे टॉर्च घेऊनच गेले, त्याने आधी वेड्यात काढलं मग स्वतःच वाकून बघायला लागला. नळी तांब्याचीच आहे, कुठे उजेड दिसला नाही. रात्रभर पाणी ठेवलं, तोटीच्या भोकाला लाकडी खुंटी ठोकलीये तिथेच कागद ओला. दाते आहेत, पण एका बाजूला मोठा पोचा आहे. आणि एक गंमत, चिंच लावून थोडं घासलं तर गळ्यापाशी ठिपक्या ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं निघाली, नाव पुसट आहे पण 'चांदोरी' आणि 'शके १८७१' स्पष्ट वाचता येतं. सासूबाई तिथेच ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, चांदोरीत कोणाचा ते मी काढते शोधून, आता त्यांची फोनाफोनी चालू आहे. मोडवाला वजनावर भाव लावायला तयार नाही, म्हणतो यावर लिहिलंय म्हणजे अँटिक झालं!

मठारकाम:
शके अधिक ७८, म्हणजे १९४९-५०. त्या काळी लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव-गाव घालायची सर्रास पद्धत होती, त्यावरून भाव वाढवणं हा शुद्ध आगाऊपणा. त्या दिवशीचा तांब्याच्या मोडीचा भाव दोन ठिकाणी विचारून जा, वजनाच्या हिशेबावर थोडं जास्त द्यायला हरकत नाही, घडणावळ म्हणून. दुप्पट मागितले तर उठून चालू लागा, तो हाक मारेल. पोचा काढायच्या भानगडीत पडू नका, पाणी तापायला त्याचा काही त्रास नाही आणि ठोकताना सांधा उकलू शकतो. तोटी पितळेची घ्या, आणि बसवताना कारागिराला सांगा अक्षरांवर पॉलिशचं चाक फिरवू नको.

शेकोटी:
आणि फुंकणी मागून घ्या त्याच्याकडून, फुकटात देतात.