मदत हवी आहे : स्वमग्न लेकाला मंडईतलं नाटक दाखवायचं आहे

नमस्कार ताई-दादांनो. आम्ही ब्रह्मपुरी तालुक्यातले. मुलगा ९ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. भाऊबीजेनंतर गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, रात्री झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातलं) नाटक आहे, नाटक कंपनी वडशा गावची. त्याला गाण्यांचं भारी वेड. मोबाइलवर ऑर्गन वाजला की हातातला घास तसाच राहतो.

मागच्या वर्षी मात्र ऑक्टोपॅडचा पहिला ठोका पडला अन् त्यानं कानांत बोटं घालून माझ्या पदरात तोंड खुपसलं. पाच मिनिटांत घरी परतलो. रात्रभर झोपला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, 'आणलंच कशाला?' ते अजून मनातून जात नाही.

परदेशात अशा मुलांसाठी वेगळे प्रयोग होतात. आवाज कमी, प्रेक्षागृहात मंद उजेड, मधेच उठून फिरलं तरी चालतं. आपल्याकडे नाटक पहाटेपर्यंत चालतं, म्हणून पहिला तासभरच बसायचं ठरवलंय. दुपारी पडदे बांधताना त्याला तिथं नेणार, कनातीच्या कडेला चटई टाकणार.

आवाज कमी करणारे हेडफोन कोणी वापरलेत का? हा तर टोपीसुद्धा फेकून देतो, सवय कशी लावली? बंदुकीचा बार, अंधार, किंकाळी कोणत्या प्रवेशात आहे, हे कंपनीवाले आधी सांगतील का? नाटक ठेवणाऱ्या गावच्या मंडळाशी कोणी बोललंय? साऊंड बॉक्सपासून किती लांब बसता? मंडईला बाराच दिवस उरलेत, कृपया लवकर सांगा.