मसीहा देवच, याला जुन्या करारात आधार कुठला? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाताळला म्हापशात शेजारच्या आंटीबरोबर मध्यरात्रीच्या मिस्साला गेलो होतो. कोंकणीतून यशयाचा ९वा अध्याय वाचला: जन्मलेल्या मुलाला ‘समर्थ देव’ म्हणतील. दुसऱ्या दिवशी त्या नेवऱ्यांचं ताट घेऊन आल्या, तर मी मराठी बायबल उघडून बसलेलो. पानावर साखर सांडली ती वेगळीच.

येशू हाच मसीहा (देवानं वचन दिलेला राजा) आणि तो देव आहे, हे नव्या करारातलं मला कळतं. योहान १:१ आणि थोमाचं ‘माझा प्रभू, माझा देव’ (२०:२८) सरळच आहे. अडतं ते मागे, येशूच्या आधीच्या जुन्या करारात. स्तोत्र ११०:१ मध्ये परमेश्वर ‘माझ्या प्रभूला’ म्हणतो. येशूच विचारतो, दावीद राजा मसीहाला प्रभू म्हणतो, तर मसीहा दाविदाचा पुत्र कसा? पण तिथला हिब्रू शब्द ‘अदोनी’ (माझा प्रभू) माणसांनाही वापरतात. त्यापेक्षा दानीएल ७ मधला, मेघांसह येणारा, मानवपुत्रासारखा मला जास्त वजनदार वाटतो. प्रमुख याजकासमोर येशूनं स्वतःसाठी तेच शब्द घेतले (मार्क १४:६२).

माझा प्रश्न असा: यशया १०:२१ मध्ये ‘एल गिब्बोर’ (‘समर्थ देव’चे मूळ हिब्रू शब्द) परमेश्वरालाच म्हटलंय, मग ९:६ मध्ये ती राजाची नुसती पदवी कशी मानतात? ज्यू अभ्यासक काय अर्थ लावतात? हिब्रू जाणणारं कुणी आहे का इथे? आंटी रविवारी परत विचारणार. वाद घालायचा नाहीये, समजून घ्यायचंय.