न मापता शिवलेलं काहीबाही: तुमचेही किस्से येऊ द्या

पावसाने कपाटात बुरशी धरली म्हणून काल सगळं बाहेर काढलं, तर तळाशी तो झगा. पांढऱ्या पडद्याचा, निळ्या फुलांचा. अकरावीत होते. चवथीला घालायचा होता आणि शिंपीमामा म्हणाले, चवथ झाल्यावर या. मग काय, आईची पायाची मशीन आणि माझी मस्ती! जुना कुर्ता पडद्यावर पसरला, खडूने भोवती रेघ मारली आणि बरोब्बर त्या रेघेवरच कापलं. शिलाईला जागा सोडायची असते हे कोणाला ठाऊक? गळा दुमडीवर चार इंच मोजला, उघडला तर आठ. खांद्यावरून थेट खाली. रात्री वीज गेलेली. आईने मेणबत्तीत काखेत चौकोनी तुकडे लावले, गळ्याला चुण्या घालून पट्टी मारली. शिव्याही घातल्या. आरतीला उभी राहिले तर आत्या सगळ्यांदेखत, "बाय गो, पडदो खंय गेलो?"

अबोलीचा वळेसर
पडदो खंय गेलो 😂😂 माझी चादर होती. गोल घेराचा स्कर्ट. कंबर भागिले 6.28 केलं की त्रिज्या मिळते. मी भागलं 3.14 ने. कंबर 26, भोक 52 इंचांचं! मी नि ताई दोघी एकदम मावलो. शेवटी नेफा करून इलॅस्टिक.

फोंडेकर
पायजमा. पुढचा भाग नि मागचा भाग सारखाच कापला. उभा राहिलो तर झकास, जेवायला मांडी घातली आणि टर्रर्र. बसायला मागे जास्त कापड लागतं, हे पंगतीत कळलं.

अबोलीचा वळेसर
कोणाच्या पंगतीत ते पण सांगा की

फोंडेकर
होणाऱ्या सासऱ्यांच्या 🙏

सुकी_सुंगटां
रात्री दहाला मुलगी म्हणते, उद्या शाळेत कुणबी नाच. लाल चौकड्यांची साडी आता कुठून आणू? जेवणाच्या टेबलावरचं कापड लाल चौकड्यांचंच होतं. खांद्यावर गाठच तर मारायची, शिवायचं काय त्यात. आमटीचा डाग मात्र पुढेच आला.

पेडण्याची सून
मशीनचा चामडी पट्टा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळेल का हो? आमचा सुटलाय.

फोंडेकर
चवथीच्या आधीच्या शुक्रवारी जाऊ नका, गाडी लावायला जागा नसते. सैल झाला असेल तर थोडा कापून परत तारेचा हूक घाला.

नाती-गोती
तुम्ही कुंची शिवा गो. तिला कसलं माप? कापड दुमडा, वरची एक कड शिवा, टोपी झाली. मागे खाली मोकळं. सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची केली, काय मऊ! नात दुबईला, एसीत घालतात तिला. बरं दूध उतू जातंय, येते.

पेडण्याची सून
दुबईत नऊवारीची कुंची ❤️ फोंडेकर, हूक घातला, चालली मशीन!

सुकी_सुंगटां
झगा टाकलात का मग?

धागाकर्ती
कुठला. लेकीने उचलला. "आई, ओव्हरसाइज आहे, भारी!" काखेतले तुकडे तिला डिझाइन वाटले. कॉलेजला घालून गेलीसुद्धा.

अबोलीचा वळेसर
आत्याला फोटो पाठवा आधी!! आणि पातोळ्यांना हळदीची पानं कोणाकडे जास्त आहेत का, आमची गोगलगायींनी खाल्ली