छोट्या महाविद्यालयाच्या मैदानावर पाहिलेला अमेरिकन फुटबॉल : आपले अनुभव लिहावेत

नौपाडाकर :
काल संध्याकाळी सोसायटीमागच्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला आणि मला ओहायोतली ऑक्टोबरमधली एक शनिवारची दुपार आठवली. माझी मुलगी ठाण्यात असताना पाडव्याच्या शोभायात्रेत ढोल वाजवत असे. तिकडे शिकायला गेल्यावर महाविद्यालयाच्या मार्चिंग बँडमध्ये तिने तेवढाच मोठा ड्रम खांद्यावर पेलला. तिला पाहायला म्हणून आम्ही दोघे गेलो आणि सामन्यातच गुंतलो.

मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक माणसे बसतात, हे ऐकून होतो. इथे ॲल्युमिनियमच्या बाकांच्या पंधरा-वीस रांगा होत्या आणि गोलखांबांच्या मागे थेट मक्याचे शेत होते. हे महाविद्यालय अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या तिसऱ्या विभागातले होते. या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही, त्यामुळे परीक्षा आणि प्रयोगशाळा सांभाळून ही मुले केवळ खेळाच्या ओढीने उतरली होती, आणि शेजारच्या बाई त्यांना पाठीवरच्या आकड्यांनी नव्हे, नावांनी हाका मारत होत्या.

मनात राहिली ती साखळी. या खेळात चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यावा लागतो; ते अंतर पूर्ण झाले की नाही असा संशय आला, की दोन काठ्यांना बांधलेली दहा यार्डांची साखळी मैदानात आणून ताणतात. त्या दिवशी चेंडूचे टोक काठीच्या अलीकडे बोटभर राहिले. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो, म्हणून ती बोटभर जागा आम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली.

कळव्याची सूनबाई :
माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी कबड्डी गाजवली आहे. दिराच्या महाविद्यालयात ते पहिल्यांदा हा खेळ पाहत होते, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, एवढे सांगताच बाकीचे त्यांनी स्वतःच ओळखले. चेंडू घेऊन धावणाऱ्याला कमरेखाली धरले, की ते उठून उभे राहत आणि म्हणत, "पकड बघा, घोट्यात घेतली!" गोलरेषा ओलांडल्यावर सहा गुण मिळतात, हे त्यांना फार आवडले. घड्याळात पंधरा-पंधरा मिनिटांचे चारच भाग असतात, पण ते सारखे थांबत असल्यामुळे सामना तीन तास चालला; बाबा मात्र एकदाही जागेवरून हलले नाहीत.

नेरुळवासी :
माझा अनुभव आपल्या फुटबॉलचा आहे, तरी लिहितो. 30 ऑक्टोबर 2022 रोजी डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, त्यात स्पेनने कोलंबियाला 1-0 असे हरवले, आणि तो एकमेव गोल कोलंबियाच्याच खेळाडूकडून झालेला स्वयंगोल होता. मी वरच्या मजल्यावर असल्याने त्या मुलीचा चेहरा मला दिसला नाही. पुढे भाचीचा आंतरमहाविद्यालयीन सामना दगडी पायऱ्यांवर बसून पाहिला, तेव्हा चुकलेल्या पासनंतर तिने ओठ कसा चावला, हेही दिसले. तेव्हापासून मी लहान मैदानांवरच अधिक जातो.

खारघरची आई :
मुलाचा मित्र खेळणार होता, म्हणून पेनसिल्व्हेनियात असताना गेलो होतो. दुसऱ्या भागात एक मुलगा पडला आणि उठलाच नाही. दोन्ही संघांतल्या मुलांनी शिरस्त्राणे काढली आणि एक गुडघा जमिनीला टेकून ती तशीच थांबली. बँडही थांबला. त्या शांततेत त्याची आई बाकांवरून खाली उतरली, आणि त्या पोकळ पत्र्यावरचे तिचे एकेक पाऊल मला ऐकू आले. अनोळखी माणसांनी वाट करून देत तिच्या पाठीवर हात ठेवला. मुलाला स्ट्रेचरवरून नेताना त्याने एक हात वर केला, तेव्हा प्रतिस्पर्धी संघाच्या बाजूनेही टाळ्या झाल्या. मी सामना पुढे पाहिला नाही. माझ्या मुलाचा हात धरून बसले होते.

कोपरीकर :
आईवडिलांना घेऊन पुढच्या महिन्यात जात आहोत. त्या बाकांवर तीन तास बसवते का?

नौपाडाकर :
पाठ टेकायला काही नसते आणि ऑक्टोबरअखेर तो धातू बर्फासारखा लागतो, म्हणून खाली घालायला काहीतरी जाड अवश्य न्यावे. आम्ही घरची गोधडी नेली होती. त्या शेजारच्या बाईंनी ती कोणी शिवली, असे विचारले. माझ्या आईने जुन्या लुगड्यांची शिवली आहे, हे कळल्यावर त्यांनी हातमोजा काढून तिच्या टाक्यांवरून सावकाश बोट फिरवले.