ट्रॉलीवर सायकली कशा बांधाच्या?

भाऊ, परतवाड्याहून चिखलदऱ्याले चार सायकली न्याच्या आहेत, जीपमागं दोन चाकाची ट्रॉली आहे, पोरं म्हणतात मागच्या फळीले रॅक लावून लटकवू, घाटात चालन का?

उत्तर: मागं लटकवू नका राजेहो! एक्सलच्या (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) मागं वजन गेलं का जीपच्या हुकवरचा भार कमी होते अन् ट्रॉली डावी-उजवी झुलाले लागते, उतारावर तर जास्तच. मालासकट ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर पाहिजे. सायकली आतमधीच, एक्सलच्या थोड्या पुढं उभ्या करा.

उत्तर: बरोबर. एकीचं हँडल इकडं, दुसरीचं तिकडं, मधात बारदाना. पट्टा फ्रेमले बांधा, चाकाच्या तारांले नाही. नायलॉन दोरी ढिली पडते, रॅचेटवाला (खटक्यानं आवळाचा) पट्टा घ्या अन् घाट लागाच्या आधी थांबून परत आवळा.

मंग आतच ठेवतो भाऊ. पट्टे परतवाड्यात भेटतीन का?