निवडणूक हवेवर जिंकतात की यादीवर?

जुना चष्मा:
ओळखीतल्या एकाला पहिल्यांदाच उमेदवारी मिळाली. त्याने मला विचारलेला पहिला प्रश्न: "व्हिडिओ कोणाकडून करून घेऊ?" एकूण मतदार किती, मागच्या वेळी किती मतांनी निकाल लागला, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. हवा तुम्हाला फार तर चर्चेत ठेवते, निकाल मात्र मतदारयादीवर लागतो. यादीचे तीन ढीग करा: हक्काचे, कुंपणावरचे आणि काही केलं तरी न येणारे. तिसऱ्या ढिगावर एक संध्याकाळसुद्धा घालवू नका. पहिल्या ढिगाला काही पटवायचं नसतं, त्यांना मतदानाच्या दिवशी घराबाहेर काढायचं असतं. आणि नेमका तिथेच आळस होतो, कारण "ते तर आपलेच आहेत".

हे मी मनाचं सांगत नाही. १९९८ साली गर्बर आणि ग्रीन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये सुमारे ३०,००० मतदारांवर प्रयोग केला. काहींच्या दारात माणूस गेला, काहींना पत्रं गेली, काहींना पगारी माणसांकरवी फोन. दारात गेल्याने मतदान ठळक वाढलं, पत्राने किंचित, फोनने वाढलंच नाही. पुढे २००६ मध्ये मिशिगनमधल्या एका प्रयोगात पत्रावर शेजाऱ्यांची नावं छापली आणि मागच्या वेळी कोणी मतदान केलं, कोणी नाही, ते समोर लिहिलं. (कोणाला दिलं ते गुप्तच, पण मतदानाला आला की नाही ही नोंद तिथे खुली असते.) ज्यांना काहीच पाठवलं नव्हतं त्यांच्यात मतदान २९.७ टक्के, हे पत्र मिळालेल्यांत ३७.८. एका कागदाने आठ टक्के!

आता हवेचा हिशेब बघा. मायकेल ब्लूमबर्ग २०२० मध्ये १०० कोटी डॉलरहून जास्त ओतून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले. टीव्ही लावला की तेच. जिंकलं काय, तर अमेरिकन समोआ हे एक बेट-क्षेत्र.

उनाड:
साफ असहमत. यादी म्हणजे मतदाराचा मागच्या निवडणुकीतला फोटो. माणूस तेवढ्यात बदलला असेल तर तो फोटो घेऊन कोणाचं दार वाजवणार?

२०१६ च्या हिलरी क्लिंटन घ्या. आकडेशास्त्रज्ञांची फौज, जागोजागी कार्यालयं, पैसा ट्रम्पपेक्षा कितीतरी जास्त. विस्कॉन्सिन "आपलंच" म्हणून उमेदवारी पक्की झाल्यावर त्या तिथे एकदाही फिरकल्या नाहीत. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही तिन्ही राज्यं गेली, तिन्हींचा फरक मिळून जेमतेम ७८,०००. तुमच्या पहिल्या ढिगाने दगा दिला आणि हे यादीला कळलंच नाही.

याउलट चिली, १९८८. पिनोचेटची लष्करी राजवट हवी की नको, यावर कौल. विरोधकांना मिळाली टीव्हीवर रात्री उशिरा रोज १५ मिनिटं, २७ रात्री. छळाच्या कहाण्या दाखवायला किती होत्या! पण त्यांनी ठरवलं की घाबरलेल्या लोकांना आणखी घाबरवायचं नाही. इंद्रधनुष्य, गाणी, "आनंद येतोय" ही ओळ. "नको" ला सुमारे ५६ टक्के मतं पडली. ही हवाच होती ना?

जुना चष्मा:
उनाडराव, त्या तीन राज्यांत मिळून जवळपास १ कोटी ४० लाख मतं पडली होती. त्यात ७८,००० चा फरक! यादीचं काम नीट झालं असतं तर जिथे निकाल फिरतो ते अंतर हेच. तुम्ही उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत.

आणि चिलीची निम्मी गोष्ट गाळलीत. त्या १५ मिनिटांच्या कितीतरी आधी लोकांची मतदार म्हणून नोंदणी करून घ्यायची मोहीम चालली होती, ७० लाखांहून जास्त नोंदणी झाली. मतदानकेंद्रांवर विरोधकांची माणसं बसली होती आणि त्यांची स्वतःची समांतर मोजणी तयार होती. गाणी सगळ्यांच्या लक्षात राहतात, रजिस्टर घेऊन बसलेला कोणाच्याच नाही.

पायपीट:
दोघांचं वाचलं. मी तीन निवडणुकांत दारं वाजवली आहेत, म्हणून थोडं दारातलं सांगते.

"घरोघरी" या शब्दाखाली बरंच काही खपतं. एका मोहिमेत आम्हाला संध्याकाळी ८० घरांचं उद्दिष्ट होतं. पत्रक द्या, नमस्कार करा, मोबाइलवर खूण करा, पुढे. अर्धी घरं बंद. बंद घराला पत्रक अडकवलं तरी "संपर्क झाला" अशीच खूण करायची, असं वरून आलं होतं. रात्री कार्यालयात तक्ता हिरवागार! त्या तक्त्याच्या भरवशावर शेवटच्या आठवड्याचं सगळं नियोजन झालं. निकाल काय लागला ते विचारू नका.

पुढच्या वेळी शिकवणारी बाई वेगळी होती. तिने सांगितलं, घरं वीसच करा, पण आधी एक प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा. "तुम्हाला कोणत्या गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास होतो?" एवढंच. पहिल्या दिवशी मला गप्प बसणंच जमेना. ज्या घरांत जमलं, तिथे माणूस आपणहून बोलता बोलता स्वतःच्याच मताशी वाद घालू लागायचा. ब्रूकमन आणि काला यांचा २०१६ चा अभ्यास नंतर वाचला. मायामीत तृतीयपंथीयांविषयीच्या पूर्वग्रहावर दारात साधारण १० मिनिटांचं संभाषण, आणि त्याचा परिणाम तीन महिन्यांनीही टिकलेला. तो उमेदवाराच्या प्रचाराचा प्रयोग नव्हता, हे खरं. पण पत्रक टाकून पळणं आणि हे, दोन्हीला "घरोघरी" म्हणू नका.

तिरकस:
ब्रूकमन-काला जोडीचं नाव निघालंच आहे तर त्यांचाच दुसरा निबंध वाचा, २०१८ चा. एकूण ४९ प्रयोग एकत्र केले. सार्वत्रिक निवडणुकीत पत्र, फोन, जाहिरात, दार, यांनी कोणाला मत द्यायचं हे सरासरी किती बदलतं? शून्याच्या आसपास. मतदानाला आणणं वेगळं आणि मत फिरवणं वेगळं, यात धागाकर्त्याने गल्लत केलेली नाही हे मान्य. पण मग "कुंपणावरचे" हा ढीग कशाला ठेवलात? शोभेला?

माझं मत विचाराल तर प्रचाराने जिंकता येतं की नाही यावर वाद घाला, हरता नक्की येतं. २०१७ चं ब्रिटन. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी मुदतीआधी निवडणूक लावली तेव्हा पाहण्यांत सुमारे २० टक्क्यांची आघाडी होती. मग जाहीरनाम्यात वृद्धांच्या देखभालीच्या खर्चासाठी घराची किंमत हिशेबात धरायचं कलम घातलं. ओरड झाली, चार दिवसांत माघार, आणि वर "काहीच बदललेलं नाही" असं ठणकावून सांगणं. बहुमत गेलं. कोणती यादी आणि कोणती हवा इथे कामी आली असती?

उनाड:
तिरकस, ४९ प्रयोग दोन मातब्बर पक्षांच्या लढतीतले आहेत, जिथे मतदार आधीच शिक्का मारून बसलेला असतो. ज्याचं नावच कोणाला माहीत नाही त्याचं काय? रोमानिया, नोव्हेंबर २०२४. जॉर्जेस्कू हा कोणाच्या खिजगणतीत नसलेला उमेदवार टिकटॉकवरून पहिल्या फेरीत पहिला आला, सुमारे २३ टक्के मतं. प्रचाराचा खर्च त्याने शून्य दाखवला होता.

जुना चष्मा:
आणि ६ डिसेंबरला घटना न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली, ऑनलाइन प्रचारातल्या गैरप्रकारांच्या संशयावरून. हे उदाहरण सल्ला म्हणून देताय का? (हलकेच घ्या.)

कुंपणावरच्यांबद्दल तिरकस यांचा टोला बसला. मी त्यांना दुसरा ढीग म्हटलं, पण वेळेची वाटणी सांगितली नाही. आता सांगतो: त्यांच्याकडे लवकर जा, निम्म्या वेळेहून कमी द्या आणि पायपीट म्हणतात तसं ऐकायला जा. शेवटचे दहा दिवस फक्त पहिला ढीग.

कोरी पाटी:
मला मिशिगनच्या त्या पत्राविषयी बोलायचंय. "एका कागदाने आठ टक्के" हे तुम्ही कौतुकाने लिहिलंत. मी मतदानाला गेले नाही हे शेजारणीला छापून कळवणं ही धमकी आहे, सभ्य भाषेतली. माझ्या घरी असं पत्र आलं तर मी मतदानाला जाईन आणि पाठवणाऱ्याच्या विरोधात मत देऊन येईन.

पायपीट:
+१. शिवाय ते पत्र कोणा उमेदवाराच्या नावाने गेलंच नव्हतं, म्हणून राग कोणा उमेदवारावर निघाला नाही. "मागच्या वेळी मतदान केलंत, आभार" एवढ्या पत्रानेही मतदान वाढल्याचं प्रयोगांत दिसलंय. परिणाम थोडा कमी, पण दुसऱ्या दिवशी त्याच दारात तोंड दाखवता येतं.

जुना चष्मा:
कोरी पाटी, मान्य. तो आकडा पाहून मी भाळलो होतो. उमेदवाराने ते पत्र पाठवू नये.

उनाड:
चला, एक तरी माघार! आता इस्तंबूलवर बोला. ३१ मार्च २०१९ ला विरोधी पक्षाचे इमामोग्लू सुमारे १३,००० मतांनी महापौर झाले, निवडणूक रद्द केली गेली, आणि २३ जूनला तेच जवळपास ८ लाखांनी जिंकले. यादी तीच, मतदार तेच. बदललं काय? अन्याय झाल्याची भावना, आणि शिव्यांऐवजी "सगळं खूप छान होईल" असं म्हणणारा हसरा माणूस. १३,००० चे ८ लाख, याला हवा नाही तर काय म्हणायचं?

जुना चष्मा:
हवाच. पण पहिले १३,००० टिकले कसे तेही सांगा ना. मोजणीच्या रात्री सरकारी वृत्तसंस्थेने आकडे देणं थांबवलं, तेव्हा विरोधकांकडे सह्या केलेली मोजणीपत्रकं स्वतःची होती. ती नसती तर जूनपर्यंत गोष्ट गेलीच नसती.

तिरकस:
थोडक्यात, यादी १३,००० देते आणि हवा ८ लाख. धागाकर्त्याच्या त्या ओळखीच्या उमेदवाराने काय ठरवलं शेवटी?

जुना चष्मा:
कालच फोन आला होता. व्हिडिओवाल्याला आगाऊ रक्कम देऊन झाली. मतदारयादी अजून मागवलेली नाही.

उनाड:
व्हिडिओ आला की इथे टाका. बघून सांगतो.